गाळलेल्या जागा आणि वाक्यातले कारण

परदेशात पर्यावरण अभियांत्रिकीचे पुढील शिक्षण घेण्याचे ठरवले, तेव्हा ज्या विद्यापीठांकडे अर्ज करायचा होता त्यांपैकी काहींनी जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या इंग्रजी माध्यमातील परीक्षेचे गुण मागितले होते. त्या परीक्षेतील गणिताची मला फारशी चिंता नव्हती. चिंता होती ती शाब्दिक विभागाची. इंदूरमध्ये वाढलेल्या बहुतेक मराठी मुलांप्रमाणे माझी घरातली भाषा मराठी, बाहेरची हिंदी आणि इंग्रजी ही पाठ्यपुस्तकांची व कार्यालयातील अहवालांची भाषा आहे. इंग्रजी वाचताना कोठे अडत नसे, परंतु जवळपास सारख्या वाटणाऱ्या पाच शब्दांतून नेमका एक उचलायची वेळ आली की अंदाजाखेरीज हाताशी काही नसे. या विभागातील गाळलेल्या जागा भरण्याच्या प्रश्नांची तयारी करताना वाक्यातला कार्यकारणसंबंध मला कसा उपयोगी पडला, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे. उदाहरणांची वाक्ये मी स्वतः रचलेली आहेत आणि मुद्दाम मराठीत दिली आहेत, कारण मुद्दा वाक्याच्या बांधणीचा आहे आणि ती बांधणी मराठीतही तशीच उभी राहते.

परीक्षेचे स्वरूप आधी थोडक्यात सांगते. सप्टेंबर 2023 पासून जीआरई आटोपशीर झाली असून शाब्दिक विभागाचे दोन भाग असतात: पहिल्यात 18 मिनिटांत 12 प्रश्न आणि दुसऱ्यात 23 मिनिटांत 15 प्रश्न. पहिला भाग कसा सोडवला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात आणि उरलेले गाळलेल्या जागांचे. एक जागा गाळलेली असेल तर पाच पर्याय मिळतात. दोन किंवा तीन जागा असतील तर प्रत्येक जागेसाठी तीन-तीन पर्याय असतात, आणि सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो, अर्धामुर्धा गुण नाही. याखेरीज एकच जागा आणि सहा पर्याय असलेला एक प्रकार आहे, ज्यात वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडावे लागतात. ऑगस्ट 2011 पूर्वीच्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या थेट विचारल्या जात. ते प्रश्न तेव्हाच काढून टाकण्यात आले. म्हणजे सुट्या शब्दाचा अर्थ विचारणे परीक्षेने कधीच सोडले आहे, तरीही तयारी करणारी मुले अजून शब्दांच्या याद्याच पाठ करताना दिसतात.

मीही सुरुवातीला एका क्लासमध्ये नाव घातले होते. इंदूरमध्ये स्पर्धा परीक्षांचे शिक्षण म्हटले की भंवरकुआँचा परिसर आलाच; बँक, एसएससी, राज्यसेवा असे सारे एकाच रस्त्यावर मिळते, आणि परदेशी परीक्षांचे क्लासही शहरात आहेत. ज्या क्लासमध्ये मी गेले तेथे या प्रश्नांसाठी एक छापील पान दिले जाई. त्यावर ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘देअरफोर’, ‘हेन्स’, ‘कॉन्सिक्वेंटली’, ‘ड्यू टू’ असे शब्द एका रकान्यात आणि ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘हाउएव्हर’ असे शब्द दुसऱ्या रकान्यात होते. पहिल्या रकान्यातला शब्द दिसला की रिकाम्या जागी मिळताजुळता शब्द घाला, दुसऱ्यातला दिसला की उलटा घाला, असा तो नियम होता. सोप्या वाक्यांत हा नियम चालतो. वाक्य जरा लांबले की तो कोलमडतो, कारण ‘मिळताजुळता’ म्हणजे कशाशी मिळताजुळता, हे ते पान सांगत नाही. कारण आणि परिणाम यांचे अर्थ एकसारखे असायला हवेत असे कोणी सांगितले? उन्हामुळे सावली हवीशी वाटते. ऊन आणि सावली काही एकमेकांच्या जवळचे शब्द नव्हेत.

क्लास मी पुढे सोडला आणि घरीच अभ्यास सुरू केला. त्या काळात रामबागेत राहणाऱ्या माझ्या मोठ्या काकांकडे संध्याकाळी जाणे होई. शाळेत संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले आहेत. जीआरई नावाच्या परीक्षेशी त्यांचा काही संबंध नाही, पण समोर वाक्य आले की त्याचा अन्वय लावल्याशिवाय त्यांना राहवत नाही. माझ्या वहीतली दोन-चार वाक्ये त्यांनी मला मराठीत सांगायला लावली आणि ऐकून म्हणाले, “अगं, ही सगळी अनुमानं आहेत. यात काही पूर्ववत् आहेत, काही शेषवत्. आधी ते तरी वेगळं कर.”

न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात पहिल्या दोहोंची उदाहरणे आहेत: ढग दाटून आले, त्यावरून पाऊस पडेल असे ओळखणे हे पूर्ववत्, कारण तेथे कारणावरून कार्याकडे जाणे आहे, नदीला पूर आलेला, पाणी गढूळ आणि वेगवान झालेले दिसले, त्यावरून वरच्या अंगाला पाऊस पडून गेला असे ओळखणे हे शेषवत्, कारण तेथे कार्यावरून कारणाकडे जाणे आहे. या दोन दिशा डोळ्यांसमोर ठेवून मी वहीतली जुनी वाक्ये पुन्हा पाहिली, तेव्हा क्लासच्या पानातली उणीव उघड झाली. जोडणारा शब्द कारण असल्याचे सांगतो, पण रिकामी जागा कारणाच्या बाजूला आहे की परिणामाच्या, हे आपल्याला वेगळे ठरवावे लागते. त्यावर भरायचा शब्द अवलंबून असतो.

काकांनी याचा सराव वर्तमानपत्रावर करायला लावला. इंदूरला नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून पंपांनी उपसून पठारावर चढवावे लागते आणि त्याला वीज फार लागते. जलूदजवळच्या 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढून 244 कोटी रुपये उभारले होते. त्या विषयावरची बातमी समोर ठेवून ते एखाद्या शब्दावर बोट ठेवीत आणि मला बाकीचे वाक्य वाचायला सांगत. “पाणी चढवण्याचे विजेचे बिल ____ असल्यामुळे महापालिकेने सौर प्रकल्प हाती घेतला.” येथे परिणाम दिलेला आहे आणि कारण झाकलेले आहे, प्रकल्प घ्यावासा वाटला त्याअर्थी बिल डोईजड असणार. आता वाक्य उलटे करू: “सौर प्रकल्प सुरू झाल्यामुळे पाणी चढवण्याचे विजेचे बिल ____ होईल.” येथे कारण दिलेले आहे आणि परिणाम झाकलेला आहे, बिल हलके होणार. दोन्ही वाक्यांत तोच प्रकल्प, तेच बिल, आणि जोडणारा ‘मुळे’ही तोच, तरीही भरायचे शब्द एकमेकांच्या विरुद्ध. केवळ जोडणाऱ्या शब्दाकडे पाहणाऱ्याला हा फरक दिसणे शक्य नाही.

यानंतर प्रत्येक वाक्यासाठी मी एक सवय लावून घेतली. पर्यायांवर कागद ठेवायचा, वाक्यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवून पेन्सिलीने कारणाकडून परिणामाकडे बाण काढायचा, आणि मग रिकाम्या जागी आपल्या मनाचा, साधा, हवा तर मराठी शब्द लिहायचा. त्यानंतरच कागद उचलायचा. आपला शब्द आधी सुचवून मग पर्याय पाहावेत, हा सल्ला परीक्षा घेणारी संस्था स्वतःच देते. पण तो शब्द कोठून आणायचा, हे बाणामुळे कळू लागले. पर्याय आधी वाचले की त्यांतला प्रत्येक शब्द वाक्यात बसवून पाहण्याचा मोह होतो, आणि कान असा विचित्र आहे की तीन वेळा म्हटले की चुकीचे वाक्यही त्याला गोड लागते.

इंग्रजी वाक्यांत बाणाची दिशा कधी कधी एका छोट्या शब्दावर फिरते. ‘रिझल्टेड इन’ असेल तर डावीकडे कारण आणि उजवीकडे परिणाम. ‘रिझल्टेड फ्रॉम’ असेल तर अगदी उलट. ‘लेड टू’, ‘प्रॉम्प्टेड’, ‘गेव्ह राइझ टू’ ही क्रियापदे कारणाकडून परिणामाकडे जातात. ‘स्टेम्ड फ्रॉम’, ‘ओइंग टू’ ही परिणामाकडून मागे कारणाकडे नेतात. माझ्या वहीत या शब्दांची यादी होतीच, पण ती अर्थांची नव्हती, बाणांची होती.

जोडणारा शब्द मुळी नसेल तेव्हा मात्र खरी कसोटी लागते. कठीण वाक्यांत तो बहुधा नसतोच. “प्रत्येक सभा ठरल्या वेळेनंतर तासभर लांबत असे; अध्यक्षांचा ____ एव्हाना सर्वांच्या परिचयाचा झाला होता.” येथे ‘कारण’ नाही, ‘म्हणून’ नाही, फक्त अर्धविराम आहे. तरीही अर्धविरामाच्या डावीकडे परिणाम आणि उजवीकडे त्याचे कारण आहे हे वाचणाऱ्याला कळते, आणि पाल्हाळ हा शब्द सहज सुचतो. पर्यायांत समजा ‘संताप’, ‘विनोद’, ‘पाल्हाळ’, ‘निष्काळजीपणा’, ‘औदार्य’ असे शब्द असतील, तर संतापामुळेही सभा लांबू शकते असा युक्तिवाद करता येईल. पण त्यासाठी मध्ये एक भांडण आपल्या पदरचे घालावे लागते, आणि ते वाक्यात नाही. मधला दुवा आपल्याला कल्पनेने जोडावा लागत असेल तर तो पर्याय सोडायचा, हे मी येथे शिकले.

आपल्या पदरचे न घालण्याचा हा नियम माझ्यासारख्या, एखाद्या विषयात काम करणाऱ्या माणसाला सर्वांत जड जातो. तलावात खतांचे पाणी उतरले की नत्र आणि स्फुरद वाढते, शेवाळ माजते, ते मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाल्ला जातो आणि मासे मरतात, ही साखळी माझ्या कामातली आहे. आता हे वाक्य पाहा: “त्या तलावातील माशांच्या जाती अनेक पिढ्यांपासून अल्प प्राणवायूत तगून राहण्यास सरावलेल्या असल्यामुळे, त्या वर्षी शेवाळ माजूनही माशांच्या संख्येवर झालेला परिणाम ____ होता.” पर्यायांत ‘विनाशकारी’ असणार, हे गृहीत धरायला हरकत नाही; आणि शेवाळ, मासे, प्राणवायू हे तीन शब्द एकत्र दिसले की माझे बोट तिकडेच वळणार, हेही प्रश्न रचणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पण वाक्याने स्वतःचे कारण दिले आहे. मासे सरावलेले आहेत. तेव्हा परिणाम नगण्य. जग कसे चालते हे परीक्षा विचारत नाही, या वाक्यात काय ठरले आहे तेवढेच विचारते. हे प्रश्न तर्काचे की भाषेचे, असा वाद मुले घालतात. माझ्या मते ते इतरांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकून घेण्याचे प्रश्न आहेत, आणि म्हणूनच विषयातल्या जाणकाराला ते अधिक त्रास देतात.

शाळेत पाठ केलेले व्याकरणही या कामी अनपेक्षितपणे आले. उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आपण सगळ्यांनी घोकलेले असतात: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, आणि गौणत्वसूचकांत स्वरूपबोधक, उद्देशबोधक, कारणबोधक, संकेतबोधक. त्यांतला उद्देशबोधक आणि परिणामबोधक यांमधला भेद परीक्षेत फार मोलाचा ठरतो. “पाणी साचावे म्हणून बांध घातला” या वाक्यात पाणी खरोखर साचले असे कोठेही म्हटलेले नाही. तो केवळ हेतू आहे. “बांध इतका भक्कम होता की पाणी साचले” यात ते साचले आहे. इंग्रजीत ‘सो दॅट’ जोडून आले तर बहुधा हेतू असतो, आणि ‘सो’ व ‘दॅट’ यांच्या मध्ये विशेषण आले तर परिणाम असतो. हेतूच्या वाक्याला पुढे ‘परंतु’ जोडून तो फसल्याचे सांगणे ही प्रश्न रचणाऱ्यांची आवडती चाल आहे, आणि हेतूलाच परिणाम समजून बसलेला वाचक तेथे अडकतो.

‘सिन्स’ आणि ‘आफ्टर’ यांच्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. ‘सिन्स’ कारणही सांगतो आणि काळही. ‘आफ्टर’ तर केवळ क्रम सांगतो. “मंदसौरच्या तहानंतर, 1818 मध्ये, होळकरांची राजधानी इंदूरला आली” या वाक्यात तहामुळे ती आली असे इतिहास जाणणारा म्हणेल आणि त्याचे म्हणणे विचार करण्याजोगे असेल, पण वाक्याने तसे म्हटलेले नाही. वाक्याने दोन घटना एकामागून एक ठेवल्या आहेत, एवढेच. ज्या वाक्यात केवळ क्रम आहे तेथे कारणाचा बाण काढला की उत्तर हमखास बिघडते. अशा जागी दुसरी खूण शोधावी लागते. काकांना हे वाक्य दाखवले तेव्हा त्यांनी होळकरशाहीवर बरेच काही सांगितले, जे ऐकण्यासारखे होते आणि परीक्षेच्या काहीच उपयोगाचे नव्हते.

‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’ यांच्या रकान्याकडे मी सर्वांत शेवटी वळले. हे शब्द कार्यकारणाच्या विरुद्ध आहेत असे क्लासमध्ये सांगत. मला ते पटत नाही. “पाऊस लांबला तरी विहिरी आटल्या नाहीत” असे म्हणणाऱ्याला पाऊस लांबला की विहिरी आटतात हे मान्यच असते. ते मान्य नसेल तर ‘तरी’ म्हणण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे येथेही एक कार्यकारणसंबंध गृहीत आहे, फक्त तो या वेळी फळाला आलेला नाही. अशा वाक्यासाठी मी आधी साधा बाण काढत असे, नेहमी काय झाले असते ते लिहीत असे, आणि मग त्यावर फुली मारत असे. दोन वेगळे नियम लक्षात ठेवण्यापेक्षा एकच नियम आणि एक फुली सोपी पडते, आणि एकाच वाक्यात ‘कारण’ व ‘तरी’ दोन्ही आले, जे वारंवार येतात, तेव्हा गोंधळ होत नाही.

शब्दाची दिशा बरोबर असूनही उत्तर चुकू शकते, कारण मात्रा चुकते. थोड्याशा उशिरामुळे माणूस नाराज होतो, उद्ध्वस्त होत नाही. पर्यायांत एकाच दिशेचे दोन शब्द दिसले की वाक्यात ‘किंचित’, ‘काहीसा’, ‘पूर्णतः’, ‘केवळ’ असे शब्द पुन्हा शोधायचे. कारणाला जेवढे वजन दिले आहे तेवढेच परिणामाला द्यायचे.

दोन जागांच्या प्रश्नांवर मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि तेथेच या पद्धतीचा खरा उपयोग दिसला. एक वाक्य विस्ताराने देते. “समितीचा अहवाल इतका (1)____ होता की त्यातून कोणताही एक निर्णय काढणे अशक्य होते, परिणामी ज्या नगरपालिकेने तो मागवला होता तिने त्याचा उपयोग केवळ (2)____ केला: जे करण्याचे तिने आधीच ठरवले होते त्याला आधार म्हणून अहवालातील सोयीचे परिच्छेद तिने उद्धृत केले.” पहिल्या जागेसाठी पर्याय ‘निर्णायक’, ‘त्रोटक’ आणि ‘परस्परविरोधी’, दुसऱ्या जागेसाठी ‘पुनर्विचारासाठी’, ‘समर्थनासाठी’ आणि ‘चौकशीसाठी’. तीन-तीन पर्यायांच्या नऊ जोड्या होतात आणि त्यांतली एकच बरोबर आहे.

पहिल्या जागेपासून सुरुवात केली तर ‘निर्णायक’ लगेच बाद होतो, पण ‘त्रोटक’ आणि ‘परस्परविरोधी’ दोन्ही टिकतात, कारण दोन ओळींच्या अहवालातूनही निर्णय काढणे अशक्यच असते. येथे थांबून डोके खाजवण्यात अर्थ नसतो. दुसरी जागा पाहावी, कारण तिच्यापुढे अपूर्णविराम आहे आणि अपूर्णविरामानंतर तिचा अर्थच उलगडून सांगितला आहे: आधी ठरवलेल्या गोष्टीला आधार, म्हणजे समर्थन. ती जागा पक्की झाली. आता मागे यायचे. ‘परिणामी’ या शब्दामुळे पहिला भाग कारण आणि दुसरा परिणाम आहे, तेव्हा विचारायचे ते हे: अहवाल कसा असला म्हणजे नगरपालिकेला त्यात आपल्या सोयीचे परिच्छेद सापडतील? त्रोटक अहवालात परिच्छेदच मोजके; त्यांत सोयीचे सापडतीलच याची खात्री नाही. परस्परविरोधी अहवालात मात्र प्रत्येकाच्या सोयीचे काही ना काही सापडते. शिवाय ‘कोणताही एक निर्णय’ यातला ‘एक’ हा शब्द वाया घातलेला नाही. अहवाल अनेक निर्णयांकडे बोट दाखवतो, म्हणूनच एक निघत नाही. दोन्ही जागा आता एकमेकींना धरून उभ्या राहतात. गाळलेल्या जागा ज्या क्रमाने छापल्या आहेत त्याच क्रमाने भरल्या पाहिजेत असे नाही, हेही परीक्षा घेणारी संस्था स्वतः सांगते. ज्या जागेचे कारण किंवा परिणाम वाक्यात सर्वांत स्पष्ट दिलेला आहे ती आधी भरावी.

सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रकारात मुले सहसा आधी समानार्थी जोडी शोधतात. ती सापडतेही, पण प्रश्नकर्ता कधी कधी वाक्याशी संबंध नसलेली एक समानार्थी जोडी मुद्दाम ठेवतो. बाण आधी काढलेला असेल तर ती जोडी दिशेवरच बाद होते.

आता एक गोष्ट पद्धतीच्या विरोधात. प्रत्येक वाक्यात कार्यकारण नसते. काही वाक्यांत केवळ व्याख्या असते, काहींत तुलना, काहींत यादी. तेथे बाण शोधत बसणे म्हणजे वेळ दवडणे, आणि वेळ तर सरासरी दीड मिनिटाचा, ज्यात लांब उताऱ्यांचे प्रश्नही बसवायचे असतात. पहिल्या वाचनात कारण दिसले नाही तर मी दुसऱ्या खुणेकडे वळत असे, आणि तीही दिसली नाही तर प्रश्नावर खूण करून पुढे जात असे. एका भागातल्या प्रश्नाकडे त्या भागाची वेळ संपेपर्यंत परत येता येते. आणखी एक अप्रिय सत्य असे की रिकाम्या जागेत काय हवे ते नेमके कळूनही पर्यायांतले पाचही शब्द अनोळखी असतील तर बाण काही कामाचा नाही. म्हणून शब्द शिकावे लागलेच. ते मात्र मी याद्यांतून कमी आणि चुकलेल्या वाक्यांतून जास्त शिकले: जो शब्द अडला तो ज्या वाक्यात अडला त्या वाक्यासकट वहीत उतरवायचा, म्हणजे त्याच्याबरोबर त्याचे कारण किंवा परिणामही लक्षात राहतो.

गाळलेली जागा भरायला लावून माणसाची बुद्धी जोखण्याची ही कल्पना, पुढे वाचनात आले त्याप्रमाणे, शंभराहून अधिक वर्षांची आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ब्रेस्लाउमधील शाळकरी मुलांच्या मानसिक थकव्याचा अभ्यास करताना शब्द गाळलेले उतारे वापरले आणि 1897 मध्ये त्यावर लिहिले. थकव्याचा आणि या प्रश्नांचा संबंध मला अगदी पटतो. दिवसभराचे काम आटोपून रात्री सराव परीक्षा दिली की बाण काढण्याचा कंटाळा येई, आणि कंटाळा आला की मी थेट पर्याय वाचू लागे. त्या रात्रीची उत्तरपत्रिका पाहून हे लगेच ओळखता येई. शेवटच्या टप्प्यात मी सराव सकाळी, कामावर जाण्यापूर्वी करू लागले आणि सुटीच्या दिवशी अहिल्या केंद्रीय ग्रंथालयात बसू लागले.

परीक्षेच्या दिवसाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या पर्यायांवर कागद ठेवता येत नाही, म्हणून नजर वाक्यावरून न हलवता कच्च्या कागदावर आपला शब्द आधी लिहायचा, एवढा बदल करावा लागला. मिळालेले गुण अर्ज करण्यास पुरेसे होते.

सध्या माझी आत्तेबहीण बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे आणि माझी वही तिच्याकडे आहे. तिच्या परीक्षेतही गाळलेल्या जागांचे प्रश्न असतात, वाक्ये तुलनेने सोपी आणि वेळ त्याहून कमी. बाणांची पाने तिच्या कामाला आली, पण एक गोष्ट मला तिला वेगळी सांगावी लागली. जीआरईत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून मी एकही जागा रिकामी सोडली नव्हती. बँकेच्या परीक्षेत प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव भाग कापला जातो. त्यामुळे दिशा ठरली आहे, मात्रा मात्र ठरत नाही आणि दोन पर्याय उरले आहेत, अशा जागी तिने उत्तर द्यावे. दिशाच ठरत नसेल तर तो प्रश्न तसाच सोडून पुढे जावे, असे मी तिला सांगितले आहे. ती अजून प्रत्येक वाक्याला बाण काढते, आणि हिंदीतून काढते.